डावा अंगठा

तिसऱ्या खेपेलाही अंगठा उठला नाही तेव्हा वाईच्या रजिस्ट्रार कचेरीतल्या कोंडीबा शिपायाने माझा हात उलटासुलटा करून पाहिला, बैलबाजारात जनावराचे दात पाहावेत तसा. "आवं पंत," तो म्हणाला, "ह्यो अंगठा हाय का नदीतला गोटा? रेघच न्हाई की ह्याला." कागदावर तीन काळे डाग पडले होते. डागच, ठसा म्हणावं असं त्यांत काही नव्हतं. वाईच्या घरातला आणि मळ्यातला माझा हिस्सा मी थोरल्या भावाच्या नावे राजीखुशीने सोडून देत होतो आणि हक्कसोडपत्राखाली माझी सही झालेली होती. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण १९४६ सालात त्या कचेरीत तेवढी देखणी सही दुसरी झाली नसेल. गंगाधर विनायक सोहोनी, आणि शेवटच्या वेलांटीचा फराटा थेट पहिल्या अक्षरापर्यंत. "सही झ्याक हाय," कोंडीबाही म्हणाला, "पर अंगठ्याबिगर भागत न्हाई." मी उजवा अंगठा पुढे केला तर कारकुनाने चष्म्यावरून बघत मला थांबवलं. डावा जागेवर असताना उजव्याचा ठसा घेता येत नाही. रेषा नसतील तर का नाहीत, तसा डॉक्टरचा दाखला आणा. माझ्यामागे बाकावर चार शेतकरी बसले होते. आयुष्यभर मी 'अंगठेबहाद्दर' हा शब्द शिवीसारखा वापरला आणि त्या दिवशी ते चौघे एकामागून एक उठून आले, एका दाबात ठसा उठवून गेले आणि मी मॅट्रिक पास माणूस ओल्या फडक्याने हात पुसत बाजूला उभा राहिलो.

सांगलीला परतताना सर्व्हिस मोटारीत मी हात मांडीवर उपडा ठेवून बसलो होतो. पण उपडा ठेवलेला हात माणूस किती वेळ न बघता राहील? पाचवडच्या आसपास मी तो उलटा केला. शाई वरवर पुसली गेली होती, पण जिथे रेषा असायला हव्यात तिथे न राहता ती भलत्याच ठिकाणी उतरून बसली होती: नखाच्या मुळाशी, पेराच्या आडव्या भेगांत, आणि अंगठ्याच्या पोटावर जो चवलीच्या नाण्याएवढा खरबरीत चट्टा होता त्याच्या कडेने गोल. सहा महिने तो चट्टा भरत नव्हता. खपली धरायची, निघायची, पुन्हा धरायची. घरी लीलाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, मी सांगून ठेवलं होतं की अंधारखोलीतली औषधं, फिल्म धुवायचा हायपो, यांनी कातडी फाटते. ती रोज रात्री आमसुलाचं तेल कोमट करून बोटांना चोळायची आणि म्हणायची, "असलं कसलं औषध, दुसऱ्याला बरं करतं नि तुम्हाला फाडतं?" मी हसायचो. मला ते बोलणं आवडायचं, खरं तर. त्यात माझ्या कामाचा मोठेपणा होता.

आणि काम मोठंच होतं, त्यात खोटा विनय कशाला? १९२९ साली सांगलीत आमच्या मोठ्या डॉक्टरांनी जुनं एक्स-रेचं मशीन विकत घेतलं. मिरज स्टेशनावरून ते गवतात गुंडाळून तीन बैलगाड्यांतून आलं. मी तेव्हा पेठेतल्या फोटोस्टुडिओत काचा धुवायचो. डॉक्टर मला म्हणाले, "सोहोनी, बाहेरून माणसं पुष्कळ काढलीत, आता आतून काढा." त्या मशीनची काचेची नळी नव्या सुनेच्या सासूसारखी होती, थंडीत एक बोलायची, उन्हाळ्यात दुसरंच. किरण आज मऊ आलेत की कडक, हे कळल्याशिवाय फोटो काढावा तर फिल्म वाया. ते कळायला एकच रीत होती. सकाळी खिडक्या बंद करायच्या, नळी चालू करायची, आणि नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये स्वतःचा हात धरायचा. हाडं काळीकुट्ट दिसली तर किरण मऊ, करडी आरपार दिसली तर कडक. उजवा हात बटणावर लागतो म्हणून पडद्यामागे नेहमी डावा. सतरा वर्षं रोज सकाळी, देवाला फूल वाहायच्या आधी, मी माझी हाडं बघत आलो. पुढे नवी नळी आली, तिला काटे होते, आकडे होते. डॉक्टर म्हणाले, आता हात घालायची गरज नाही. पण काट्यावर विसंबणारा माणूस मी नव्हे. काटा चुकेल, माझा हात चुकणार नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो आणि चारचौघे मान डोलवायचे.

मानसिंगची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! वडूजकडचा गडी, पलटणीतला, चव्वेचाळीस साली कोपर वाकडं जुळून घरी आलेला. डॉक्टरांनी भूल देऊन हाड पुन्हा मोडलं आणि पडद्याखाली बसवायला घेतलं. शिशाचे हातमोजे खुंटीवर टांगलेले होते. म्हशीच्या कातड्याएवढे जाड. ते घालून हाड चाचपायचं म्हणजे घोंगडी पांघरून तांदूळ निवडायचे. मी ते कधीच घातले नाहीत. उघड्या हातांनी मी त्याचं कोपर धरलं, पडद्यावर त्याची हाडं आणि माझी हाडं एकमेकांत मिसळलेली, कोणतं कुणाचं ते फक्त मला ठाऊक. आणि मग अंगठ्याखाली तो बारीकसा 'कट्' झाला, कानाला ऐकू येत नाही, बोटालाच येतो. मी म्हणालो, "बसलं." डॉक्टरांनी फिल्म काढून पाहिली तर केसाचा फरक नाही. शुद्धीवर आल्यावर मानसिंग माझ्याकडे बघून म्हणाला होता, "आवं, तुमच्या हाताला डोळं हायती का काय?" हे वाक्य मी पुढे दोन वर्षं जपून ठेवलं. त्या दिवशी मोटारीत, सातारा येईपर्यंत, तेच मनात म्हणत होतो आणि शाई लागलेला अंगठा मुठीत धरून बसलो होतो.

दाखला द्यायला आता मोठे डॉक्टर राहिले नव्हते. दवाखाना त्यांच्या मुलीकडे होता, चारुशीलाकडे. मुंबईहून शिकून आली होती. दवाखान्यात मी तिला डॉक्टरीणबाई म्हणायचो, बाहेर चारू. ती मला दोन्हीकडे काकाच म्हणायची. सहा महिने मी तिच्यापासून अंगठा लपवला होता. हात पाठीमागे ठेवून बोलायची सवय लावून घेतली होती, मोठ्या हुद्द्याच्या साहेबासारखी. आता दाखला हवा म्हणताना तो पुढे करणं भाग होतं. "हायपोने झिजला असं लिही," मी म्हणालो, "दोन ओळी पुरेत." तिने अंगठा खिडकीपाशी नेला, मग तर्जनी, मग नखांवरच्या उभ्या रेघा. मग चट्ट्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवते म्हणाली. "दाखल्याला तुकडा कशाला?" मी चिडून विचारलं. "खोटा दाखला मी लिहिणार नाही, काका. हे हायपोने झालेलं नाही. हे मशीननं केलंय."

मशीननं! मला आधी राग आला तो मशीनच्या वतीने. सतरा वर्षांत त्याने मला एक चटका दिला नव्हता. कधी ऊब लागली नव्हती. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "निखाऱ्यासारखं नसतंच ते. आपलं अंग म्हणजे बहुतेक पाणी. किरण आत शिरले की त्या पाण्याचेच तुकडे होतात. क्षणभर टिकतात, पण तेवढ्यात शेजारी जे सापडेल त्याला चावतात. लोखंड हवापाण्याने गंजतं ना, तसाच प्रकार, फक्त निमिषात आणि पेशीच्या पार गाभ्यात. तिथे बारीक धागे असतात, काका. नवी पेशी कशी करायची ते सगळं त्या धाग्यांत असतं. त्यांनाच हा गंज लागतो. धागा तुटतो, शरीर गाठ मारतं. रोज तुटला की एखादी गाठ चुकीची बसते." "हे पक्कं आहे?" मी विचारलं. "विलायतेत अजून भांडतायत. धागा कशाचा, कुठे तुटतो, नीट कुणालाच माहीत नाही. पण तुटतो, हे पक्कं." मला स्टुडिओतली एक काच आठवली. एका इनामदारांच्या निगेटिव्हवर गालाच्या जागी माझ्या नखाचा ओरखडा गेला होता आणि त्या काचेवरून काढलेल्या बाराच्या बारा फोटोंत इनामदार जखमी निघाले. "म्हणजे प्रिंट खराब नाही," मी म्हणालो, "मूळ काचच ओरखडलीय. आता किती का प्रिंट काढा, ओरखडा येणारच." चारू माझ्याकडे बघत राहिली. "कॉलेजात मला इतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. स्वतःच्या अंगठ्याचं मरण समजून घेतानाही मला शाबासकी हवी होती, असा मी माणूस.

मुंबईचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. कॅन्सर. अंगठा मुळापासून काढायचा. लवकर काढलं तर तेवढ्यावर भागेल, थांबलं तर हात, आणि काखेत गाठ आली की मग काहीच नाही. मी म्हणालो, बघू. जीव प्यारा नव्हता असं नाही. पण अंगठा काढल्यावर जो उरेल तो गंगाधर सोहोनी कोण, हे मला कळत नव्हतं. मोजे घालून, काटे वाचून, आकडे लिहिणारा कुणीही चालेल की तिथे. मी रोज कामाला जात राहिलो, आणि सकाळी दार लावून, चारू यायच्या आत, पडद्यामागे हात घालत राहिलो. आता त्या करड्या उजेडात हाडं दिसली की मला त्यांच्याभोवतीचं पाणी दिसायचं. पाणी फुटतंय, चावतंय, असं वाटायचं. बटणावरचं बोट उचलायला हवं हे कळायचं आणि बोट उचलत नसे. लीलाबाईला मी पत्राचं सांगितलं नव्हतं, चारूने सांगितलं. त्या रात्री तिने तेलाची वाटी आणली नाही. "इतकी वर्षं मी काय चोळत होते हो?" एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मला तिचा हात धरावासा वाटला, पण कोणत्या हाताने धरायचा ते सुचेना.

आषाढात अंबूबाई आली. हरिपूरकडची, साठीची, गोठ्यात घसरून मनगट मोडलेली. चारू ओढत होती, मी धरलं होतं, उघड्या हातांनी. चारूने मोज्यांकडे नुसतं पाहिलं, मी न पाहिल्यासारखं केलं. मी तो 'कट्' येण्याची वाट बघत होतो. अंगठ्याखाली काहीतरी सरकलं असं वाटलं. वाटलं, किंवा मी वाटून घेतलं. "बसलं," मी म्हणालो, नेहमीच्या आवाजात. फिल्म मीच धुतली. लाल दिव्याखाली ती पाण्यातून वर काढली आणि पाणी निथळायच्या आत मला दिसलं की हाड ज्वारीच्या दाण्याएवढं बाजूला आहे. अंधारखोलीत मी फिल्म धरून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. टाकून द्यावी, हलली म्हणावं, दुसरी काढावी, हे सगळं मनात येऊन गेलं. बाहेर अंबूबाई विचारत होती, "बसलं न्हवं, काका? दुखतंया लय." चारूने फिल्म पाहिली असती तर ती काही बोलली नसती, माझा मान राखला असता. तो राखलेला मान मला सोसला नसता. मी फिल्म घेऊन बाहेर आलो आणि म्हणालो, "नाही बसलं, अंबूबाई. चूक माझी. मला बोटाला कळलं नाही." सतरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. अंबूबाई म्हणाली, "असू दे की. पुन्यांदा बसवा." चारूने मोजे घातले, फिल्मवर बघून, पुन्हा फिल्म काढून, दोनदा करून मनगट जागेवर आणलं. म्हशीच्या कातड्यातून! मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मला तिचा अभिमान वाटत होता. अंबूबाई गेल्यावर मी विचारलं, "शनिवारी टेबल मोकळं आहे का?"

माझी एकच अट होती. आधी त्या हाताची एक चांगली फिल्म काढायची. चारू म्हणाली, मी काढते. शिशाचा पडदा, मोजे, काटे, सगळं तिच्या रीतीने. मी पहिल्यांदा टेबलाच्या त्या बाजूला बसलो. हात फिल्मच्या पेटीवर ठेवला, बोटं थोडी पसरली, अंगठा तिरपा, म्हणजे सांध्याची फट मोकळी दिसते. हे तिला सांगायला मी विसरलो नाही. "माहितीय, काका," ती म्हणाली. मग पडद्याआडून तिचा आवाज आला: "हलू नका. श्वास धरा." हजारो माणसांना मी हे सांगितलं होतं आणि त्यांना काय वाटत असेल याचा कधी विचार केला नव्हता. हात थंड पेटीवर एकटा पडलेला असतो. मशीन गुणगुणतं. काहीही होत नाही, आणि होऊन जातं. मी हललो नाही. फिल्म मात्र मी धुतली, डाव्या अंगठ्यात आणि तर्जनीत कोपरा धरून, नेहमीसारखी. सत्तावीस हाडं, मनगटाची आठ गोटीसारखी सुटी सुटी, सांध्यांच्या फटी दोऱ्यासारख्या स्वच्छ. अंगठ्याचं टोक तेवढं कडेने कुरतडल्यासारखं. अशी फिल्म माझ्या हातून पूर्वी निघाली नव्हती, पुढेही निघायची नाही. कोपऱ्यात मी पांढऱ्या शाईने नाव आणि तारीख घातली, वेलांटीच्या फराट्यासकट.

शनिवारी अंगठा गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, भूल होती. जखम दीड महिन्यात भरली, अगदी कोरडी, आणि काखेत काही नाही असं चारू दर महिन्याला चाचपून सांगू लागली. मी कामावर परत गेलो ते मोजे घालून. डाव्या मोज्याचा अंगठा रिकामा लोंबायचा, सारखा मध्ये यायचा. लीलाबाईने तो घरी आणवला, त्यात कापूस भरला, मुळाशी जाड दोऱ्याने चार टाके घातले आणि म्हणाली, "आता लोंबणार नाही." लोंबला नाही. काट्यांवर विसंबायला शिकलो. काटे चुकत नाहीत, हे कबूल करायला मला अजून जड जातं, म्हणून इथे एकदाच करून टाकतो.

मग खंडेनवमी आली. हे सांगणं मला सर्वांत कठीण जातं. त्या दिवशी सुतार करवत पुजतो, शिंपी कात्री पुजतो, आणि मी माझं मशीन पुजायचो. खांबाला झेंडूची माळ, काट्यांना कुंकू, पेढे. आणि पूजा झाली की प्रसाद म्हणून गल्लीतल्या सगळ्या पोरांना त्यांची हाडं दाखवायची, ही माझीच काढलेली प्रथा. रांग लागायची. प्रत्येकाने पडद्यामागे हात घालायचा, मी पाच मोजेपर्यंत. पोरं किंचाळायची, बायका तोंडाला पदर लावायच्या. सोळा नवम्या. चारूला मी त्या उन्हाळ्यातच विचारलं होतं, त्या पोरांचं काय? ती म्हणाली, पाच अंक मोजायला जेवढा वेळ तेवढाच, वर्षातून एकदा, त्याने काही व्हायचं नाही बहुतेक. पण यापुढे नको. मग हसून म्हणाली, "मी अकरा वर्षांची असताना दोनदा रांगेत उभी राहिले होते. तुम्हाला कळलं नाही." मी तिला तेव्हा काही बोललो नाही. दोनदा नव्हे, तीनदा, आणि मला कळलं होतं. मालकाची मुलगी म्हणून तिच्या वेळी मी दहापर्यंत मोजलं होतं. ते आकडे अजून माझ्या तोंडात तसेच आहेत.

नवमीला माळ घातली, कुंकू लावलं. पोरं रांगेत उभी राहिली, ढकलाढकली सुरू झाली. मी मशीनचं बटण काढून खिशात ठेवलं होतं. भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर माझी फिल्म लावली आणि दिवा लावला. पोरांना आधी फसवल्यासारखं वाटलं. मग एक मुलगी हाडं मोजू लागली, शेजारच्या कासाराची उमा, आठ वर्षांची. मोजून झाल्यावर म्हणाली, "कुणाचा हात?" मी म्हणालो, माझा. तिने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं, फिल्मकडे पाहिलं. "मग ह्यात अंगठा कसा?" मी डावा हात उचलला आणि फिल्मच्या बाजूला, दिव्यासमोर, धरला. सतरा वर्षांत पहिल्यांदा तो हात मी लोकांना बाहेरून दाखवत होतो. "तुमची हाडं बघायच्या नादात गेला," मी म्हणालो, "म्हणून आता मशीन बंद. पण हाडं हवीत तर ही घ्या. सांगलीत असा फोटो दुसरा नाही." हे मात्र मी जरा मोठ्याने म्हणालो, कारण चारू दारात उभी होती. पोरांनी तासभर माझी हाडं मोजली.

दिवाळीनंतर मी वाईला गेलो. हक्कसोडपत्र तसंच पडलं होतं. तोच कारकून, तोच चष्मा, तोच कोंडीबा, आणि बाकावर अंगठा लावायला आलेली माणसं. या खेपेला मी त्यांच्यातच बसलो, जागा करून घेऊन. माझी पाळी आली तशी कोंडीबाने माझा डावा हात धरला आणि लगेच, गरम भांड्याला हात लागावा तसा, अलगद सोडला. काही विचारलं नाही. तो जुना पलटणीतला, पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्यापर्यंत गेलेला, अर्धा कान तिकडेच ठेवून आलेला. अशा बाबतीत विचारत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. त्याने माझा उजवा अंगठा शाईत घोळवला आणि दाबला. लख्ख उठला, एकेक रेघ. मला तो फार परका वाटला. कारकुनाने ठशाशेजारच्या जागेत टाक टेकवला आणि शेरा मोठ्याने म्हणत लिहायला घेतला, "डावा अंगठा नाही, सबब उजवा..."

"तसं लिहू नका," मी म्हणालो.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "मग काय लिहू? नाहीये ना तो?"

"कामी आला, असं लिहा."

कारकून हसला. ते काही सरकारी भाषेत बसत नाही, असं काहीतरी म्हणाला. कोंडीबा हसला नाही. त्याने शाईचं फडकं खांद्यावर टाकलं, टाचा जुळवून टेबलाशी ताठ उभा राहिला आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लिवा, रावसाहेब. कामी आला, असंच लिवा."